साखरेच्या कपाटाची तार

आयर्लंडहून आल्यावर पहिला चहा संपायच्या आत सलिलने जाहीर केलं, की दसऱ्यापर्यंत हे घर तो विमानाइतकं सुरक्षित करून देणार.

"विमानाइतकं म्हणजे काय रे?" कुसुमताईंनी चष्म्यावरून बघत विचारलं. "जेवताना पट्टे बांधायचे का आम्ही?"

"थट्टा नको, आई. आमच्याकडे सुरक्षितता हा थट्टेचा विषय नाही."

"'आमच्याकडे' म्हणजे सदाशिव पेठेत, की तिकडे?"

सलिल गप्प बसला. आईसमोर गप्प बसण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुसुमताई मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं लाल पेन निवृत्त झालं नव्हतं. त्या वर्तमानपत्रसुद्धा तपासून ठेवत.

त्याच्या बायकोला, तनयाला, मात्र ही घोषणा मनापासून आवडली. घरात आपल्याशिवाय आणखी कुणाला तरी काळजी वाटते, हा अनुभवच तिला नवीन होता. त्यांची वर्षाची मुलगी कादंबरी नुकतीच धरून-धरून चालायला लागली होती आणि जागी असेल तितका वेळ काही ना काही उघडत असे. उघडलेल्यातलं जे तोंडात मावेल ते तोंडात, न मावणारं जमिनीवर. तनयाने मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं होतं, त्यामुळे जे डोळ्यांना दिसत नाही त्याचीही तिला भीती वाटायची. जे दिसतं त्याची तर वाटायचीच. पाहुणे आले की ती आधी त्यांच्या शर्टाची बटणं घट्ट आहेत का ते बघायची, मग "या, बसा" म्हणायची.

सलिल विमानदुरुस्तीचा तंत्रज्ञ होता. शिक्षण इथलं, लायसन्स इथलं, अनुभव इथला. आणि नोकरी आयर्लंडमधल्या एका हँगरमध्ये, जिथे या तिन्हींना "छान, छान" म्हणून बाजूला ठेवण्यात आलं होतं. तिथे त्याला बोल्ट आवळायची परवानगी होती. बोल्ट आवळला असं लिहून खाली सही करायची नव्हती. सही करायला तिथलाच एक सहकारी यायचा, जो निम्मं काम सलिलला विचारून शिकला होता. तो ऐटीत सही करायचा आणि सलिलच्या पाठीवर थाप मारून जायचा.

सहीचा अधिकार मिळाला की व्हिसा बदलणार होता आणि तनया-कादंबरी तिकडे जाऊ शकणार होत्या. नाही मिळाला तर सलिल पुन्हा एकटाच परत, आणि कादंबरीच्या दृष्टीने बाबा हा पुन्हा फोनमध्ये राहणारा माणूस. आल्या दिवशी तिने प्रत्यक्ष बाबाच्या गालावर बोट ठेवून त्याला स्क्रीनसारखं बाजूला सरकवून पाहिलं होतं. बाबा सरकला नाही म्हणून ती रडली होती. ते बघून तनयाही स्वयंपाकघरात जाऊन रडली होती. पण तिने कांदा चिरायला घेतला होता, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

अधिकारासाठी परीक्षा होती, आणि गेल्या वर्षी सलिल तीत नापास झाला होता. ज्ञानात नाही, मानेत.

झालं होतं असं. विमानातला बोल्ट नुसता आवळून भागत नाही. थरथरून सैल पडू नये म्हणून त्याच्यात स्टीलची बारीक तार ओवतात, तिला पीळ देतात आणि ती शेजारच्या बोल्टला बांधून टाकतात. तार नेहमी बोल्ट घट्ट होण्याच्या बाजूने ओढायची, आणि एकदा सोडवलेली तार पुन्हा वापरायची नाही, मग ती कितीही नवीकोरी दिसो. हे सलिलला झोपेतही ठाऊक होतं. पण गेल्या वर्षी परीक्षक डॉयलसाहेबांनी मुद्दाम विचारलं, "तार चांगली दिसत असेल तर पुन्हा वापरायला हरकत नसावी, नाही का?" समोरचा माणूस वयाने मोठा, केस पांढरे, आवाज घनगंभीर. सलिलची मान आपोआप हलली आणि तोंडातून "येस सर" निघालं. निकालात लिहून आलं : ज्ञान उत्तम, मात्र वडीलधाऱ्यांची चूक दिसली तरी नाही म्हणत नाही.

"यात नापास करण्यासारखं काय आहे?" तेव्हा कुसुमताई म्हणाल्या होत्या. "याला संस्कार म्हणतात. त्यांच्या भाषेत शब्द नसेल."

यंदाची परीक्षा सलिलच्या सुट्टीत, व्हिडिओ कॉलवर होणार होती. खंडेनवमीच्या दिवशी, दुपारी साडेतीनला. तोंडी प्रश्न झाले की कॅमेऱ्यासमोर तार बांधून दाखवायची. म्हणून सलिलने सरावासाठी पीळ द्यायची खास पक्कड आणि तारेचं एक गरगरीत रीळ बरोबर आणलं होतं.

"सराव कशावर करणार?" तनयाने विचारलं.

"बघू. एखादी पट्टी, चार बोल्ट..."

तनयाने स्वयंपाकघराकडे पाहिलं. ओट्याखाली कपाटांची रांग होती, प्रत्येक कपाटाला दोन दारं, प्रत्येक दाराला एक गोल, फिरवून बसवायची पितळी मूठ. कादंबरी त्यातल्याच एका मुठीला धरून उभी होती आणि फिनेलच्या दिशेने निघाली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मूठ मुठीला बांधली गेली होती. काम देखणं झालं होतं. पीळ एकसारखे, टोकं आत वळवलेली, कुठे बोटाला टोचायला नाही. तनयाने प्रत्येक जोडी स्वतः ओढून पाहिली आणि वर्षभरात पहिल्यांदा कादंबरीला स्वयंपाकघरात एकटं सोडून फोडणी दिली. मग तिला वाटलं, वरचीही बांधून घ्यावीत. मग औषधांचं. मग चपलांचं. सलिल म्हणाला, "चपलांचं कशाला?" तनया म्हणाली, "सराव होईल."

सुरक्षित झालेल्या घरात आता एवढीच अडचण उरली, की विमान-तंत्रज्ञ हाताशी असल्याशिवाय पोहे करता येत नव्हते. डबा हवा असला की सलिलला हाक मारायची. तो पक्कड घेऊन यायचा, तार कापायचा, डबा द्यायचा, दार लावायचा आणि नवीन तार बांधायचा. जुनी का नाही, असं विचारलं की तो ज्या नजरेने बघायचा ती बघून पुन्हा कुणी विचारत नसे.

दुपारी तीनला कुसुमताईंचा चहा होत असे. साखर ओट्याखाली कोपऱ्यातल्या कपाटात होती.

"सलिल, साखर," कुसुमताई म्हणायच्या.

"आलो, आई."

"माझ्या सासूबाई फार कडक होत्या. पण साखरेला मेकॅनिक लागत नव्हता."

पुढे टॅग आले. सलिलने लाल कापडाच्या पट्ट्या कापल्या आणि जिथे काम अर्धवट असेल तिथे बांधायला सुरुवात केली. नियम एकच : ज्याने टॅग बांधला त्यानेच तो सोडायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग तो हँगरचा मालक का असेना. गिझरला टॅग बांधून सलिल एकदा लक्ष्मी रोडला गेला आणि झेंडूच्या गर्दीत अडकला. कुसुमताईंनी त्या दिवशी गार पाण्याने अंघोळ केली. बाहेर आल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा टिपण चाललेलं असतं, हे तनयाला लग्नानंतर लवकरच समजलं होतं.

त्यानंतर कुसुमताईंनी साखरेसाठी हाका मारणंही बंद केलं. हे तनयाच्या लक्षात आलं. तिच्या सगळंच लक्षात यायचं. तिला वाटलं, आईंनी साखर सोडली. डॉक्टर सांगतच होते.

खंडेनवमीच्या सकाळी कुसुमताईंनी नेहमीप्रमाणे हत्यारांची पूजा मांडली. पाटावर विळी, सुरी, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर, फळ्यावर वर्तुळं काढायचा त्यांचा लाकडी कंपास आणि कादंबरीचं एवढंसं नेलकटर. आणि सगळ्यांच्या मधोमध सलिलची पक्कड. हळद, कुंकू, अक्षता आणि वर झेंडूचं टपोरं फूल. सलिल तेव्हा शर्टाला इस्त्री करून आणायला गेला होता आणि तनया कादंबरीला भरवत होती, म्हणजे तिच्या मागे फिरत होती. दुपारची जेवणं झाली, कुसुमताई भोंडल्याला बिबवेवाडीत मैत्रिणीकडे, मथुराबाईंकडे निघून गेल्या, आणि मग सलिल पक्कड शोधायला लागला.

ती पाटावर दिसल्यावर तो दोन पावलं मागे सरकला.

"काय झालं?" तनयाने विचारलं.

"आईने पूजेत ठेवलीय."

"मग घे."

"घे काय? आज हत्यारं हलवत नाहीत. उद्या दसऱ्याला आई उत्तरपूजा करते, मग घ्यायची."

"सलिल, तुझी परीक्षा आज आहे."

"माहितीय मला."

"मग नमस्कार कर आणि उचल."

सलिलने नमस्कार केला. उचलली नाही.

"हे बघ तनया," तो म्हणाला, "हा एक प्रकारे टॅगच आहे. आईने लावलाय. आईनेच काढला पाहिजे. नियम सगळ्यांना सारखा."

"ते झेंडूचं फूल आहे, सलिल."

"टॅग म्हणजे लाल कापडच असलं पाहिजे असं कुठेय?"

तनयाने त्याच्याकडे नीट पाहिलं. हा नियम बोलत नव्हता, ही गेल्या वर्षीचीच मान बोलत होती. आईंचं फूल हलवायचं धाडस नाही आणि त्याला हँगरचं नाव देऊन उभा राहिलाय. तिने स्वतः हात पुढे केला. तेवढ्यात पाटाशेजारची आईंच्या अक्षरातली चिठ्ठी तिला दिसली : "उद्यापर्यंत हात लावू नये. मी लावलंय, मीच काढणार." 'मीच'खाली लाल रेघ होती. तनयाचा हात परत आला. तिलाही याच घरात राहायचं होतं.

कुसुमताईंना फोन लावला. तो स्वयंपाकघरात वाजला. आवाज औषधांच्या कपाटातून येत होता. सकाळी गोळ्या काढताना त्यांनी तो आत ठेवला होता आणि त्यावर सलिलने नियमानुसार नवीन तार बांधली होती.

"तू कादंबरीला बघ," तनया स्कूटरची किल्ली घेत म्हणाली. "नजर हलवायची नाही. तिच्या आसपास सुटं काय आहे ते आधी बघ, मग तिला बघ."

स्वारगेटला सगळं पुणे झेंडू घ्यायला उतरलं होतं. सिग्नल हिरवा होत होता, पण त्याचं कुणी मनावर घेत नव्हतं. तनया बिबवेवाडीत पोचली तेव्हा मथुराबाईंच्या हॉलमध्ये ज्येष्ठ महिलांचा फेर आटोपला होता. संध्याकाळी ट्रॅफिक असतो म्हणून या मंडळाने भोंडला दुपारवर आणला होता. आता मथुराबाई मोठा स्टीलचा डबा हातात घेऊन मधोमध बसल्या होत्या आणि खिरापत ओळखायची वेळ आली होती.

"आई, घरी चला. सलिलला पक्कड हवीय."

"उद्या," कुसुमताई म्हणाल्या.

"परीक्षा आज आहे."

"खंडेनवमीपण आजच आहे. ती मी नाही ठरवली." मग त्या मैत्रिणींकडे वळल्या. "आमच्याकडे ज्याने टॅग लावला त्यानेच काढायचा असतो. परवा मी गार पाण्याने अंघोळ केली त्या नियमाखातर."

हॉलमधल्या बायकांनी सहानुभूतीने तनयाकडे पाहिलं. म्हणजे नक्की कुणाबद्दल सहानुभूती आहे ते कळेल असं नाही पाहिलं.

"तेच म्हणतेय, आई. तुम्हीच काढायचा. म्हणून तुम्हीच चला."

कुसुमताईंनी पर्स जवळ ओढली. गणित बरोबर होतं, आणि बरोबर गणितापुढे त्या जन्मात कधी वाद घालत नसत.

"खिरापत ओळखल्याशिवाय उठत नाहीत," मथुराबाई म्हणाल्या. "आमचाही नियम आहे हो." त्यांनी डबा कानाशी नेऊन हलवला. सगळ्या जणी एकदम सुटल्या. साबुदाण्याची खिचडी? शिऱ्याच्या वड्या? दाणे? राजगिऱ्याचं काही? मथुराबाई प्रत्येक नावाला प्रसन्नपणे नाही म्हणत होत्या. हे संध्याकाळपर्यंत चालवायची त्यांची तयारी दिसत होती.

तनयाने मथुराबाईंकडे, कादंबरी फार वेळ शांत असली की तिच्या मुठीकडे बघावं, तसं पाहिलं. उजव्या अंगठ्याच्या नखात गुलाबी रंग. पदराच्या टोकाला तोच. डब्याचा आवाज जड, थपकन येणारा.

"बिटाच्या वड्या," ती म्हणाली.

मथुराबाईंनी झाकण उघडलं नाही, डबा नुसता खाली ठेवला.

"इतक्या लवकर ओळखायचं नसतं," त्या दुखावलेल्या आवाजात म्हणाल्या. "मजा जाते."

कुसुमताई स्कूटरवर मागे बसल्या. पुष्पमंगलच्या चौकात सिग्नलला थांबल्यावर मागून आवाज आला, "मी मुद्दाम नाही हं ठेवली."

"मी कुठे म्हटलं तसं?"

"तू म्हणणार नाहीस. तू नुसती बघतेस. घरात सध्या एकच हत्यार रोज चालतंय, ते पूजेत नको?" सिग्नल सुटला. पुढचं वाक्य त्या वाऱ्यात बोलल्या, तरी तनयाला ते ऐकू गेलं. "पास झाला तर तुम्ही तिघं जाणार. नापास झाला तर तो एकटा जाणार आणि वर्षभर तुझं तोंड मला बघावं लागणार. दोन्हीकडून मी आहे तिथेच."

तनयाने आरशात त्यांच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "आई, धरून बसा."

"बसलेय. जरा जोरात घे. उशीर झाला तर लोक म्हणतील सासूने अडवलं."

त्या पोचल्या तेव्हा परीक्षा सुरू झाली होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्यात डॉयलसाहेब, त्यांच्यासमोर इस्त्रीचा शर्ट घातलेला सलिल आणि त्याच्या मांडीवर, त्याच्या टायचं टोक चघळणारी कादंबरी. तनयाने आधी ते टोक तिच्या तोंडातून काढलं. मग बाकीची परिस्थिती पाहिली.

तोंडी प्रश्न संपले होते. पक्कड का नाही, हे सलिलने सांगून टाकलं होतं : हत्यारावर टॅग आहे, टॅग लावणारी व्यक्ती बाहेर गेली आहे, ती आल्याशिवाय मी हात लावणार नाही. डॉयलसाहेबांनी यावर काहीतरी लिहून घेतलं होतं आणि चहा मागवला होता.

"ह्याच का त्या?" कुसुमताई आत येताच त्यांनी इंग्रजीत विचारलं. "यांना टॅग काढायचा अधिकार आहे?"

"सर, या घरात त्यांना सगळ्याचाच अधिकार आहे," सलिल म्हणाला.

कुसुमताईंनी चपला काढल्या, पाय धुतले, लॅपटॉपला नमस्कार केला आणि पाटासमोर बसल्या. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, मग गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य आणायला सांगितला. गूळ कपाटात होता. तनयाने देव्हाऱ्यातले बत्तासे आणून ठेवले. डॉयलसाहेब पलीकडे मान वाकडी करून सगळं बघत होते. शेवटी कुसुमताईंनी झेंडूचं फूल उचलून बाजूला ठेवलं, पक्कड पदराने स्वच्छ पुसली, त्यातला एक अक्षतेचा दाणा नखाने काढला आणि ती सलिलच्या हातात दिली.

"घे. सुटली."

सलिलने पक्कड घेतली. बोल्टची पट्टी पुढे ओढली. रीळ उचललं.

रीळ हलकं होतं. त्याने ते फिरवून पाहिलं. बोटभरही तार नव्हती. नुसतं प्लॅस्टिक होतं, आणि त्यावर चिकटपट्टीचा तुकडा.

सलिलने तनयाकडे पाहिलं. तनयाला रिळातली तार कुठे गेली ते एका क्षणात दिसलं : खालची कपाटं, वरची कपाटं, औषधं, चपला, सकाळचे पोहे, दुपारचा चहा. शेवटचा तुकडा सकाळच्या घाईत आईंच्या फोनवर गेला होता. आयर्लंडला जायची तार तिने स्वतः, सराव होईल म्हणत, घरभर बांधून घेतली होती.

"काही अडचण?" डॉयलसाहेब म्हणाले.

सलिल रीळ पुन्हा फिरवून बघत राहिला. परीक्षार्थीच्या घरच्यांनी बोलायचं नाही अशी अट होती. तनया बोलली नाही. तिने लॅपटॉप उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि त्याचं तोंड कपाटांकडे केलं.

पलीकडे चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हे काय आहे?" मग डॉयलसाहेबांनी विचारलं.

"सर, माझी मुलगी चालायला लागलीय," सलिल म्हणाला.

डॉयलसाहेबांनी चष्मा लावला. त्यांनी प्रत्येक कपाट जवळून दाखवायला सांगितलं. सलिल लॅपटॉप धरून गुडघ्यांवर सरकत होता आणि साहेब आयर्लंडमधून सदाशिव पेठेतल्या ओट्याखालची पाहणी करत होते. पीळ मोजले, टोकं बघितली, दिशा बघितली. "छान. उत्तम. हेही छान." तनया कादंबरीला कडेवर घट्ट धरून मागे उभी होती. कुसुमताई भिंतीला टेकून, पेपर तपासून घ्यायला आल्यासारख्या उभ्या होत्या.

कोपऱ्यातलं कपाट आलं. साखरेचं.

सलिल थांबला. तनयानेही पाहिलं आणि तिला दोन गोष्टी एकदम कळल्या. ही तार मळकी होती, जागोजागी मोडून सरळ केलेली, आणि आईंनी साखर सोडलेली नव्हती.

"फारच नीटनेटकं," डॉयलसाहेब पडद्याजवळ येत म्हणाले. "मला तर हे सगळ्यांत चांगलं वाटतंय. बरोबर ना?"

"काय म्हणतोय?" कुसुमताईंनी हळूच विचारलं. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं. पुन्हा ऐकायचं होतं.

"सगळ्यांत चांगलं म्हणतोय," सलिल म्हणाला.

"झोपतोस ना दुपारी. तेव्हा बांधते. तार टाकून कशाला द्यायची, म्हणून तीच सरळ केली." कुसुमताईंच्या चेहऱ्यावर पेपरात पैकीच्या पैकी पडलेल्या मुलीचं तेज आलं. "बघून बघून शिकले."

सलिल त्या तारेकडे बघत होता. पुढ्यात डॉयलसाहेब, मागे आई. दोघांचे केस पांढरे. तनयाला त्याची मान दिसत होती, आणि आतापर्यंत तिने कादंबरीकडे कधी बघितलं नसेल इतकं टक लावून ती त्या मानेकडे बघत होती. मान जरा पुढे झाली. तिथेच थांबली.

"नो, सर," सलिल म्हणाला.

पलीकडे पेन थांबलं.

"हे चूक आहे, सर. तार जुनी आहे, पुन्हा वापरलीय. आणि उलट बाजूने ओढलीय. त्या बाजूने मूठ घट्ट नाही होणार, सुटेल. हे मी पास करणार नाही."

"हे कुणी बांधलं?"

"माझ्या आईने."

"त्या तिथे आहेत?"

"माझ्या मागेच आहेत, सर." सलिलचा आवाज बारीक झाला होता. "पण तरी चूक आहे."

कुसुमताईंना आयुष्यात कुणी चूक म्हटलं नव्हतं, निदान त्यांच्यासमोर नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काय चूक आहे? दाखव."

कुणी दाखवायच्या आत कादंबरी तनयाच्या कडेवरून सुळकन खाली उतरली. टक लावून मानेकडे बघत राहिल्याने हात सैल पडला होता, हे तनयाला नंतर कितीतरी दिवस खात राहिलं. कादंबरीने साखरेच्या कपाटाची तार धरून ओढली. मूठ जराशी फिरली, आणखी फिरली आणि अलगद तिच्या हातात आली. दार उघडलं. मूठ बरोबर तोंडात मावेल एवढी होती.

तनयाने मारलेली झेप कॅमेऱ्यात पूर्ण आली नाही. डॉयलसाहेबांना फक्त एक पिवळी साडी पडद्यावर आडवी जाताना दिसली, मग एक भोकाड, मग लाळेने माखलेली पितळी मूठ हवेत धरलेला हात.

"मिळाली," पडद्याबाहेरून तनया म्हणाली.

डॉयलसाहेब थोडा वेळ लिहीत राहिले. मग ते म्हणाले, तार कशी बांधतात ते त्यांना सलिलकडून शिकायचं नव्हतंच. ज्याच्या सहीवर विमान उडणार, तो कुणालाही नाही म्हणू शकतो का, एवढंच बघायचं होतं. त्यांनी यासाठी एक चुकीचं वाक्य तयार ठेवलं होतं. पण स्वतःच्या आईपेक्षा वरचा वरिष्ठ त्यांना काही आणता आला नसता. सहीचा अधिकार मंजूर. कागद सावकाश येतील.

सलिल जमिनीवरच बसला. तनया त्याच्या शेजारी बसली. कादंबरी रडायची थांबली आणि तिने बाबाच्या गालावर बोट ठेवलं. सरकवलं नाही, नुसतं ठेवलं. तनयाला आता रडायला हरकत नव्हती, पण कांदे कपाटात होते.

डॉयलसाहेब अभिनंदन करून आता पुण्याच्या हवेची चौकशी करत होते, तेव्हा कुसुमताई चहा घेऊन आल्या. सलिलने घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"आई, साखर राहिली."

"साखरेचं कपाट नापास झालंय," कुसुमताई म्हणाल्या. "ज्याने नापास केलं त्याने काढावी."

"दार उघडंच आहे, आई," तनया म्हणाली.

"ते मला दिसतंय." त्यांनी पदराच्या टोकात घेतलेली ती पितळी मूठ सलिलसमोर धरली. "ही मूठ आधीपासूनच सैल होती. माझ्या तारेचा काही दोष नव्हता. नव्हता ना रे?"

पडद्यावर डॉयलसाहेब अजून हसतमुखाने बघत होते.

सलिलने आईकडे पाहिलं. त्याची मान हळूहळू, सवयीने, हलायला लागली.

ती पुरती हलायच्या आत तनयाने लॅपटॉप मिटला.